रॉझवेलचं जुनं प्रेसबिटेरियन चर्च आणि ती वॉकिंग टूर: चर्चला पाच स्टार, टूरला दोन

आधीच सांगते, लांबण लागणार आहे. ज्यांना फक्त जाऊ का नको एवढंच हवंय त्यांच्यासाठी: चर्च बघा, टूर घेऊ नका, पाणी बरोबर न्या. बाकीच्यांनी चहा घेऊन बसा.

आमची आत्या मिरजेहून आलीये तीन महिन्यांसाठी. वय ७६, गुडघे सोडले तर सगळं ठणठणीत, मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात (प्रेसबिटेरियन मिशनचं, म्हणजे प्रोटेस्टंटांमधल्या एका पंथाचं) ३४ वर्षं नर्स होती. अटलांटात पाहुणा आला की जे जे दाखवायचं असतं ते पहिल्या दोन आठवड्यांतच संपलं, कोकाकोलाचं म्युझियम झालं, अ‍ॅक्वेरियम झालं, स्टोन माउंटन झालं, देवळं झाली, पटेल ब्रदर्स तर चार वेळा झालं. मग एक दिवस मेथी निवडता निवडता म्हणाली, "अगं, ही मिशनची माणसं आपल्याकडं आली, शाळा काढल्या, दवाखाने काढले, ती मुळात कसल्या चर्चमधनं आली ते तरी दाखव की मला. मॉल काय, सांगलीत पण आहे आता."

तर शोधाशोध केली आणि अटलांटाजवळचं रॉझवेल सापडलं. सापडलं म्हणजे काय, आम्ही कमिंगला राहतो, कॅन्टन स्ट्रीटवर जेवायला शंभर वेळा गेलोय, आणि तिथून दोन मिनिटांवर मिमोसा बुलेव्हार्डवर हे पांढरं खांबवालं चर्च उभं आहे ते मला बारा वर्षांत फक्त "पार्किंग मिळतंय का बघ" एवढ्यापुरतंच माहीत. लाज वाटली थोडी.

टूरबद्दल लवकर उरकते कारण राग अजून गेलेला नाही. कंपनीचं नाव लिहीत नाही, उगाच भांडण नको. माणशी २५ डॉलर, दोन तास, "ऐतिहासिक चर्चच्या आतून दर्शनासह" असं छान लिहिलेलं. जूनमधला शनिवार, सकाळी दहाची वेळ, गाईड उगवला दहा वीसला. आला तो थेट रूझवेल्टच्या आईच्या लग्नावर. म्हणजे गोष्ट खरी आहे आणि चांगली पण आहे, बुलक हॉल नावाचा वाडा आहे तिथे, २२ डिसेंबर १८५३ ला मिटी बुलकचं लग्न न्यूयॉर्कच्या थोरल्या थिओडोर रूझवेल्टशी त्या घरात लागलं, त्यांचा मुलगा पुढे राष्ट्राध्यक्ष झाला, आणि एलिनॉर रूझवेल्ट, म्हणजे दुसऱ्या रूझवेल्ट राष्ट्राध्यक्षाची बायको, ती त्याच मिटीची नात. पण पन्नास मिनिटं? केक कसा, आइस्क्रीमला बर्फ कुठून आणला, करवल्यांचे झगे कसले. आत्या माझ्या कानात म्हणाली, "ह्या बाईच्या लग्नाला आपण आलोय का चर्च बघायला?" मग एकदाचे चर्चपाशी पोचलो तर दाराला पाटी, आत कुणाचं तरी खरोखरचं लग्न, त्या दिवशी बाहेरच्यांना प्रवेश नाही. यात चर्चची काहीच चूक नाही, लग्नाचं बुकिंग महिनोनमहिने आधी झालेलं असणार, टूरवाल्यानं एक फोन करायला काय झालं होतं. "बाहेरून पण खूप सुंदर दिसतं ना?" हे त्याचं उत्तर. ९४ डिग्री फॅरनहाइट ऊन.

आणि एक गोष्ट मला जास्त खटकली. तो माणूस सगळीकडे "नोकर" म्हणत होता. नोकर स्वयंपाक करायचे, नोकरांनी विटा पाडल्या, नोकरांची खोली. बुलक हॉलच्या मागे गुलामांच्या राहण्याची जागा पुन्हा बांधून दाखवलीये, तिथे माहिती व्यवस्थित लावलेली आहे, लपवलेलं काही नाही, आणि हा बाबा त्या खोलीच्या दारात उभा राहून नोकर म्हणतो. नोकराला पगार असतो बाबा. नोकर सोडून जाऊ शकतो.

असो. आत्यानं निकाल दिला, "रविवारी येऊ. रविवारी उपासना असते, उपासनेला कुणी नको म्हणत नाही." आणि ते अगदी खरं निघालं.

रविवारी जायच्या आधी मी रात्री बसून थोडं वाचून काढलं, लग्नाच्या केकपलीकडचं. या गावाचं नाव ज्याच्यावरून पडलं तो रॉझवेल किंग मूळचा कनेटिकटचा, जॉर्जियाच्या किनाऱ्यावर डॅरिएनला आला, तिथल्या बेटांवर पिअर्स बटलरच्या मळ्यांचा मॅनेजर होता, म्हणजे शेकडो गुलामांवरचा मुकादमच म्हणा. पुढे बँकेत शिरला. १८२९ च्या आसपास उत्तर जॉर्जियात डहलोनेगाच्या बाजूला सोनं सापडलं आणि सगळे तिकडे पळाले, तसा हा पण बँकेच्या कामासाठी तिकडे गेला आणि जाता येता त्यानं चॅटाहुची नदीला मिळणारा विकरी क्रीक नावाचा ओढा हेरला. सोनं राहिलं बाजूला, याला दिसलं पाणी. वरून खाली धो धो पडणारं पाणी म्हणजे गिरणी फुकटात फिरणार.

आता ही जमीन तेव्हा चेरोकी लोकांची, म्हणजे इथल्या मूळच्या आदिवासींची. जॉर्जिया सरकारनं १८३२ ला ती चक्क लॉटरी काढून गोऱ्यांना वाटली, आणि १८३८ ला सैन्य लावून चेरोकींना पश्चिमेला हाकललं, ते वाटेत हजारोंनी मेले. चर्चची स्थापना कधी, तर ऑक्टोबर १८३९. एका वर्षात. हे मी आत्याला वाचून दाखवलं तर ती काही बोलली नाही, चष्मा पुसत बसली.

स्थापना झाली ती प्रिमरोज कॉटेज नावाच्या घराच्या दिवाणखान्यात, रॉझवेल किंगच्या मुलीच्या घरी, सुरुवातीला जेमतेम १५ सभासद. म्हणजे बहुतेक सगळे आपसांतलेच, किंग, बुलक, डनवुडी, स्मिथ, किनाऱ्यावरची श्रीमंत घराणी, उन्हाळ्यातल्या हिवतापाला कंटाळून डोंगराकडे आलेली, येताना गुलाम पण बरोबर घेऊन. हो, डनवुडी म्हणजे तेच, जिथल्या मॉलसमोर आपण तासतासभर ट्रॅफिकमध्ये सडतो, ते नाव याच घराण्याचं. पहिले पाळक (म्हणजे पाद्री) नथॅनिएल प्रॅट, हे रॉझवेल किंगचे जावई. चर्चची इमारत १८४० ची, बांधणारा विलिस बॉल, हा पण कनेटिकटहून आणलेला, यानंच बुलक हॉल आणि बॅरिंग्टन हॉल बांधले, म्हणून या सगळ्या इमारती मावसबहिणी दिसतात, पांढऱ्या आणि पुढे ग्रीक थाटाचे जाड खांब.

आणि हे मला फार आवडलं: आज आपण रॉझवेलला अटलांटाचं सबर्ब म्हणतो, पण हे चर्च बांधलं तेव्हा अटलांटा नव्हतंच. रेल्वेनं जिथे खुंटी ठोकली होती त्या जागेला नुसतं टर्मिनस म्हणायचे, मग मार्थाज्‌व्हिल झालं, अटलांटा हे नाव १८४५ च्या सुमाराचं. म्हणजे उपनगर आधी आणि शहर मागाहून, ठाण्यातली माणसं मुंबईकरांना ऐकवतात ना, तसं.

तर रविवार. नऊवारी नाही पण आत्यानं इरकल काढलं, डोक्याला अबोलीचा गजरा हवा होता तो काही मिळाला नाही. कारमध्ये भडंगाचा डबा, जयसिंगपूरचं, बॅगेतून आलेलं. चर्चच्या आवारात नवीन मोठ्या इमारती पण आहेत, मंडळी वाढली तसं बांधकाम वाढलं, आम्हाला मात्र जुन्यातच बसायचं होतं. दारात एक उंच आजोबा, टाय वगैरे, त्यांनी आत्याचे दोन्ही हात हातात घेतले आणि कुठून आलात विचारलं. आत्या म्हणाली, "मिरज." नुसतं मिरज. जसं काही जगात सगळ्यांना माहीत असतं. आणि वर, "प्रेसबिटेरियन हॉस्पिटल, वानलेस." आजोबांना काही बोध झाला नाही पण हसले, आणि आम्हाला पुढून तिसऱ्या बाकावर नेऊन बसवलं.

आतलं सांगते. साधं आहे. ज्यांना चर्च म्हटलं की पणजीचं किंवा बांद्र्याचं डोळ्यांसमोर येतं, सोनेरी वेदी, मूर्ती, मेणबत्त्या, त्यांनी ती अपेक्षा बाहेरच ठेवा. प्रेसबिटेरियन लोकांचा कल मुळातच साधेपणाकडे, मूर्ती नाही, सगळा भर वचनावर आणि उपदेशावर, त्यामुळे नजर जाते ती व्यासपीठाकडे. पांढऱ्या भिंती, लाकडी बाकं, उंच खिडक्या, बाहेरचं झाड आत दिसतं. लाकडाचा वास येतो, जुन्या कपाटाचा येतो तसा. बाकावर बसलं की पाठ सरळ ठेवावीच लागते, झोपणाऱ्यांची सोय केलेली नाही.

उपासना तासाभरात आटोपली. आत्याला दोन गीतांच्या चाली येत होत्या, ती मराठीत म्हणत होती, बारीक आवाजात, शेजारची बाई बघून हसली आणि आपला आवाज थोडा कमी केला तिच्यासाठी. आत्या ख्रिश्चन नाही बरं का, घरात दत्ताचं सगळं असतं, पण ३४ वर्षं रोज ड्यूटीच्या आधीची प्रार्थना, चाली अंगात मुरल्यात.

नंतर कॉफी. आणि तिथे आत्यानं त्या उंच आजोबांची जी शिकवणी घेतली (किंवा त्यांनी हिची, मला शेवटपर्यंत कळलं नाही) ती या सगळ्या ट्रिपमधली सगळ्यात भारी गोष्ट. दुभाषी मी. तिनं पहिलं विचारलं, इथं वडील किती? आजोबा गोंधळले, मी पण. मग तिनं मला समजावलं, की प्रेसबिटेरियन म्हणजेच वडिलांची मंडळी, ग्रीकमध्ये प्रेसबिटेरोस म्हणजे वडील, मराठी बायबलमध्ये पण वडीलच शब्द आहे, बिशप नसतो यांच्यात, सभासद मतदान करून वडील निवडतात आणि ते पाळकाबरोबर कारभार बघतात. "आपल्या सोसायटीची कमिटी असते तशी, पण भांडणं थोडी कमी." हे मी भाषांतर करून सांगितलं तर आजोबा खो खो हसले, म्हणाले, भांडणांचं तिचं म्हणणं चुकीचं आहे.

मग तिनं खरा प्रश्न टाकला. वानलेस साहेब याच मंडळींचे का? मी आदल्या रात्री हे वाचून ठेवलं होतं म्हणून वाचले. नाही. आणि का नाही, ती गोष्ट मजेशीर आहे. आपल्याकडे कोल्हापुरात रॉयल वाइल्डर १८५२ ला आले, त्यांचं काम १८७० ला अमेरिकन प्रेसबिटेरियन मिशननं हाती घेतलं, मग विल्यम वानलेस, जन्मानं कॅनडाचे, १८८९ ला सांगलीला आले आणि १८९४ ला मिरजेचं हॉस्पिटल सुरू झालं, पुढे त्यांना सर किताब मिळाला, सांगली-मिरज रस्त्यावरची वानलेसवाडी त्यांच्याच नावाची. पण हे सगळं मिशन उत्तरेच्या प्रेसबिटेरियन चर्चचं. दक्षिणेची चर्चेस, म्हणजे रॉझवेल पण त्यात, डिसेंबर १८६१ ला ऑगस्टा गावी जमून वेगळी झाली होती, अमेरिकेचं उत्तर-दक्षिण यादवी युद्ध सुरू झाल्यावर. कारण शेवटी तेच, गुलामगिरी आणि कुणाचं सरकार मानायचं. युद्ध चार वर्षांत संपलं पण ही दोन चर्चेस वेगळीच राहिली, एक झाली ती जून १९८३ ला, आणि तो सोहळा झाला इथे खाली अटलांटातच. १२२ वर्षं! आत्या १९८३ ला मिरजेत नोकरीलाच होती, तिला पत्ताच नाही. "म्हणजे मी लागले तेव्हा हे आमचे नव्हते, रिटायर झाले तेव्हा आमचे होते," ती म्हणाली, आणि तिला ते फार पटलं, तीनदा म्हणाली.

भाऊबंदकीचं आपल्याला कुणी काय शिकवायचं.

मग तिनं वर बोट दाखवलं. गॅलरी. वर कोण बसायचं? आजोबांनी जराही आडवळण न घेता सांगितलं, गुलाम. खाली मालक, वर गुलाम, तीच उपासना, तोच उपदेश. जाऊ का वर? जा म्हणाले, जिना सांभाळा. गुडघ्यांचं नाव काढायचं नाही असा तिचा चेहरा, मी मागून. एकेक पायरी करत चढलो.

वर गेल्यावर काय दिसतं ते सांगते, कारण टूरमध्ये हे नव्हतंच आणि फोटोंत कळत नाही. वरून पाळक दिसतो, पण डोक्यावरून. खालच्या बाकांवर बसलेल्यांची फक्त टाळकी दिसतात. आता विचार करा, ज्या माणसानं तुम्हाला विकत घेतलंय त्याचा भांग तुम्ही दर रविवारी वरून बघताय, आणि समोरचा पाळक सांगतोय की देवाला सगळे सारखे, किंवा जास्त करून हे सांगतोय की मालकाचं ऐका, दक्षिणेत तेव्हा तेच सांगितलं जायचं. जूनमध्ये एसी चालू असून वर उकडत होतं. छताखालची जागा. आत्या तिथल्या बाकावर बसली आणि म्हणाली, "आमच्याकडं जनरल वॉर्ड वर होता आणि स्पेशल रूम खाली. वरचं पेशंट पाणी मागायला बेल कुठनं वाजवणार." एवढंच. मग गप्प.

खाली आल्यावर आजोबांनी अजून एक सांगितलं जे ऐकून तिचे डोळे चमकले: १८६४ ला हे चर्च हॉस्पिटल होतं. उत्तरेचं सैन्य जुलैत रॉझवेलला पोचलं, त्यांचा जनरल शर्मन अटलांटा घ्यायला निघाला होता आणि त्याला चॅटाहुची पार करायची होती. बहुतेक मालक मंडळी आधीच पळाली होती, पाळक प्रॅट मात्र मागे राहिले. आणि या बाकांच्या जागी जखमी सैनिक. झालं, आमची नर्स कामाला लागली. हातातली कॉफी ठेवली आणि पावलांनी अंतर मोजायला सुरुवात. ओळीत अशा खाटा लागतील, नाही, खाटा कुठल्या, गवताच्या गाद्या असतील, ऑपरेशनचं टेबल खिडकीजवळ, उजेड तिथंच आहे, पाणी कुठनं आणत असतील, जुलै म्हणजे माश्या, जखमेत किडे. "खिडक्या मोठ्या आहेत ते बरं. पण आवाज? लाकडी घर, एकानं कण्हलं की सगळ्यांना ऐकू जाणार." आजोबा ऐकत उभे, मी भाषांतर करतेय आणि माझाच घसा कोरडा पडतोय. असा गाईड २५ डॉलरमध्ये मिळत नाही.

आता गिरण्यांबद्दल, कारण चर्चची गोष्ट तिथे गेल्याशिवाय अर्धीच राहते. चर्चपासून चौक ओलांडून खाली उतरत गेलं की स्लोन स्ट्रीट, तिथे जुनी गिरणी वस्ती. चर्चचे पुढारी तेच रॉझवेल मॅन्युफॅक्चरिंग कंपनीचे मालक, कंपनी पण १८३९ चीच. टेकडीवर खांबवाले वाडे आणि चर्च, खाली क्रीकजवळ कामगारांच्या खोल्या, "ब्रिक्स" म्हणतात त्यांना, अजून उभ्या आहेत विटांच्या, चाळच म्हणा. गिरणीत गरीब गोऱ्या बायका आणि पोरं. युद्धात पुरुष लढायला, आणि बायका कापड विणतायत, त्यातलं रॉझवेल ग्रे नावाचं करडं लोकरी कापड दक्षिणेच्या सैनिकांच्या गणवेशाला जायचं.

जनरल गॅरार्डचं घोडदळ आलं तेव्हा लोकरीच्या गिरणीवर फ्रान्सचा झेंडा. तिथे थिओफिल रोश नावाचा फ्रेंच माणूस होता, मालकांनी डोकं लढवलं की फ्रेंच मालमत्ता दाखवली तर वाचेल. पण माल तर शत्रूच्या सैन्याला चाललेला! जाळली. शर्मन इतका भडकला की त्यानं गॅरार्डला कळवलं, त्या झेंडेवाल्याला रागाच्या भरात फासावर दिलंस तरी माझी आधीच मंजुरी आहे. फासावर दिलं नाही. पण कामगारांना मात्र, साधारण ४०० जणी, बायका आणि पोरं, देशद्रोहाच्या आरोपाखाली पकडून मॅरिएटाला नेलं, तिथून रेल्वेनं नॅशव्हिल, लुइव्हिल, ओहायो नदीपलीकडे इंडियाना. देशद्रोह काय, तर कापड विणलं. मालकांना कुणी पकडलं नाही, ते आधीच निघून गेलेले. बहुतेक जणी परत आल्याच नाहीत.

त्यांचं स्मारक स्लोन स्ट्रीटच्या बागेत आहे, वरून तुटलेला दगडी खांब. २००० साली उभारला, म्हणजे १३६ वर्षांनी. उभारला कुणी तर दक्षिणेच्या सैनिकांच्या वंशजांच्या संघटनेनं, त्यामुळे त्यावरचं सगळं बोट यँकींकडे, म्हणजे उत्तरेवाल्यांकडे दाखवणारं. ते बरोबरच आहे, पण त्या बायकांना दिवसाला दहा-दहा अकरा-अकरा तास उभं कुणी केलं होतं ते पण कुणीतरी लिहायला हवं होतं असं आपलं माझं मत. टूरवाला या बागेत आम्हाला घेऊन आला होता, पण "फोटोसाठी पाच मिनिटं" म्हणून.

शेजारीच फाउंडर्स सिमेटरी, छोटीशी, झाडीत. रॉझवेल किंगचा उंच स्तंभ आहे. मिटीचे वडील जेम्स बुलक पण इथेच, हे १८४९ ला चर्चमध्ये रविवारची शाळा घेता घेता कोसळले आणि गेले. आणि त्याच जमिनीत, नाव नसलेल्या कबरींत, काही गुलाम माणसं. दगड नाही, काही नाही, नुसतं जमिनीकडे बघायचं. डास भयंकर आहेत तिथे, ओडोमॉस लावून जा.

त्यापुढे क्रीकवरचा लाकडी छपराचा पूल, जुन्या धरणावरून पडणारं पाणी, आणि १८५३ चं विटांचं मशीन शॉप, जाळपोळीतून वाचलेलं. मुलं असतील तर इथे दोन तास सहज जातात. युद्धानंतर गिरण्या पुन्हा उभ्या राहिल्या, १९२६ ला एकीवर वीज पडून ती जळाली, आणि शेवटची बंद झाली ती थेट १९७५ ला. तोपर्यंत रॉझवेल म्हणजे एक गिरणीचं गाव, १९७० ला वस्ती साडेपाच हजारांच्या आत. मग हायवे ४०० आला, ऑफिसं आली, आपल्यासारखे आले, आणि २०२० ला ९२ हजारांवर. दिवाणखान्यातल्या १५ जणांची मंडळी केवढी झाली ते आवारातल्या इमारती बघूनच कळतं, आणि जुनं चर्च मध्ये छोटं दिसतं, आजी बसलेली असावी तसं.

आता कामाचं. जुन्या चर्चमध्ये आत जायचं तर रविवारी उपासनेला जाणं सगळ्यात सोपं, फुकट, कुणी धर्म विचारत नाही, पेटीत टाकायचं तर टाका. बाकीच्या दिवशी आधी ऑफिसला फोन करून जा, लग्नं असतात. कपडे साधे नीटनेटके चालतात, मी उगाच हील्स घातल्या आणि लाकडी जमिनीवर टकटक करत सगळ्यांना माझी हजेरी कळवली. गॅलरीचा जिना वयस्कर माणसांना जड आहे, पण कुणाचा तरी हात धरून चढवा. बुलक हॉल, बॅरिंग्टन हॉल आणि स्मिथ प्लँटेशन ही तिन्ही घरं गावच्या सरकारची, तिकीट वेगळं, तिन्ही एका दिवसात करू नका, खांबांचा कंटाळा येतो. एक पुरे. कॅन्टन स्ट्रीटवर रविवारी दुपारी टेबलासाठी पाऊण तास थांबायला लागलं म्हणून आम्ही गाडीत भडंग खाल्लं, उंच आजोबांना पण कागदात बांधून दिलं होतं आत्यानं निघताना, त्यांनी तिखट लागून डोळे पुसले आणि पुन्हा मागितलं.

टूर कंपनीला मी ईमेल केली, चर्च आतून दाखवणार होतात, दाखवलं नाही. उत्तर आलं, पुढच्या टूरवर १५ टक्के सूट. दोन स्टार त्याचेच, एक रूझवेल्टच्या लग्नाचा आणि एक त्या पाच मिनिटांचा, कारण बाग कुठे आहे ते त्यामुळे कळलं.

एक राहिलं. त्या गिरणीवाल्या बायकांपैकी एक, अ‍ॅडलीन बॅगली बाइस, गरोदर होती पकडली तेव्हा, शिकागोपर्यंत नेऊन सोडली. नवरा युद्धावर. ती परत आली १८६९ ला, मुलीला घेऊन, चालत. इकडे नवऱ्यानं ती मेली समजून दुसरं लग्न केलेलं. तिची कबर आमच्या फोरसिथ काउंटीत आहे, म्हणजे जिथे आपले निम्मे मराठी लोक घरं घेतायत तिथेच, आणि दगडावर लिहिलंय की यँकी सैन्यानं पकडून शिकागोला धाडलेली, पायी परतलेली. पुढच्या शनिवारी आत्याला घेऊन गेले. गुडघ्याला क्रेप बँडेज बांधून आली होती. दगड वाचून दाखवला, मैल विचारले, मी म्हटलं साधारण सातशे.

"आणि बाळ कडेवर," आत्या म्हणाली, आणि खाली वाकून दगडापाशी वाढलेलं गवत उपटायला लागली.